आधी नेट आणा, मग नेटचा ड्रायव्हर देतो

नवं विंडोज टाकलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक लाघवी वाक्य येतं. चला, तुम्हाला नेटवर्कला जोडू या. त्याखाली आजूबाजूच्या वायफायची यादी यायला हवी. यादी रिकामी. पुढे जायचं बटण फिकट, कितीही दाबा, ढिम्म. कारण काय, तर वायफाय कार्डाचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर कुठे आहे? नेटवर. नेट कुठून येणार? वायफाय कार्डातून. किल्ली पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलूप लावणाराच वर विचारतो, उघडत का नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा हात काढून घेतला. तेव्हापासून आमच्या अल नहदात लिफ्टमध्ये भेटणारा दुसरा-तिसरा माणूस हाच पडदा बघून आलेला असतो. चेहऱ्यावरून ओळखू येतो. काखेत लॅपटॉप, हातात चार्जर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "कालपर्यंत चालत होतं हो!" कालपर्यंत चालत होतं, कारण कालपर्यंत जुना ड्रायव्हर होता. फॉरमॅट मारला, तो गेला. जाताना कोणाला सांगून गेला नाही.

अल नहदा म्हणजे अलीकडे दुबई, पलीकडे शारजा. या अमिरातीतल्या बाल्कनीतून त्या अमिरातीत वाळत घातलेले कपडे दिसतात. २०२२ पासून शारजाच्या सरकारी कचेऱ्या शुक्रवार, शनिवार, रविवार बंद आणि दुबईच्या कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस काम, त्यामुळे सुट्टी कधी यावरही वस्तीत एकमत नाही. एकमत आहे ते एवढ्यावरच की नेट गेलं तर घर चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे कॉल लागत नाही. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, झूम आणि टीम्सला परवानगी मिळाली आणि मराठी घरांत लॅपटॉप हा मोठ्या पडद्याचा टेलिफोन झाला. सांगलीत आई साडेआठला ताट वाढून घेते तेव्हा इथे सात वाजलेले असतात. लेक त्या वेळी इत्तिहाद रोडवर ब्रेकलाइटांच्या रांगेत असतो आणि सूनबाई घरी लॅपटॉपसमोर. खालच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह नाही, पृथ्वीचा गोळा. गोळ्यावर आडवी रेघ. आई तिकडे "ऐकू येतंय का गं?" म्हणत बसलेली.

लॅपटॉप घेताना मात्र आपण केवढे जाणकार असतो! रॅम किती, एसएसडी किती, प्रोसेसर कितव्या पिढीचा, बॅग फुकट आहे ना, माऊस देताय ना, अजून पन्नास दिरहम कमी करा. सेलमध्ये उभा असलेला मराठी माणूस दुकानदाराला घाम फोडतो. वायफाय कार्ड कोणतं, हे विचारलेलं मी कोणाला ऐकलेलं नाही. पेटीवरही बहुतेक वेळा नुसतं "वायफाय ६" छापलेलं असतं. वायफाय ६ हे मानकाचं नाव. कार्ड कोणाचं, कोणत्या चिपचं, याबद्दल मौन. २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असा तो हिरवा तुकडा, एका स्क्रूवर बसवलेला, दोन केसाएवढ्या वायरी डोक्यात खोचलेला. अख्ख्या यंत्राचं जगाशी बोलणं त्याच्या हातात. एसएसडी गेली तर माणूस हळहळतो तरी. याची तर ओळखच नसते.

कंपन्यांनाही फारशी नसावी. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या, एकाच किमतीच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं निघतात. त्या खेपेला जे कार्ड मिळालं, ते बसवलं. मग कंपनीच्या ड्रायव्हरच्या पानावर गेलात की वायरलेसच्या मथळ्याखाली तीन फायली. एक इंटेलची, एक रियलटेकची, एक मीडियाटेकची. आपलं कोणतं? ते आपण ओळखायचं. कार्ड बसवलं त्यांनी, ओळखपरेड आपली.

ओळखायची रीत आहे, पण ती दुकानात कोणी सांगत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण लावून "नेटवर्क कंट्रोलर" नावाचा एक अनामिक बसलेला असेल. त्याच्या गुणधर्मांत जा, तपशिलात हार्डवेअर आयडी बघा. "व्हेन" या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरं असतात, तेच त्याचं आडनाव. १०ईसी म्हणजे रियलटेक. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. १४सी३ म्हणजे मीडियाटेक. आणि ८०८६ म्हणजे इंटेल. आपल्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा त्यांनी आडनाव म्हणून लावून घेतला. या सगळ्या भानगडीतला हा एकमेव विनोद, आणि तोही इंजिनिअरांनी आपसात केलेला.

आडनाव कळलं की टोलवाटोलवी सुरू. लॅपटॉपवाल्या कंपनीच्या चॅटवरचा सभ्य आवाज आधी आपल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करतो, मग लॅपटॉप रिस्टार्ट करायला सांगतो, मग म्हणतो की आपलं मॉडेल जुनं असल्याने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर उपलब्ध नाही, कृपया कार्ड बनवणाऱ्याकडे बघा. कार्ड बनवणाऱ्याच्या पानावर लिहिलेलं असतं की आमचा ड्रायव्हर सर्वसाधारण आहे, आपल्या लॅपटॉपवाल्याने त्यात बदल केलेले असू शकतात, तेव्हा आधी त्यांना विचारा. मायक्रोसॉफ्ट म्हणतं, उत्पादक जे देतात ते आम्ही अपडेटमधून पोचवतो, त्यांनी दिलं नाही तर आम्ही काय करणार? तिघंही खरं बोलतात. पैसे तिघांनाही पोचलेले आहेत. पावती तेवढी आपल्याकडे.

बरं, कार्ड बनवणारा तरी जागेवर सापडेल याची खात्री नाही. अथेरॉसची कार्डं एके काळी लॅपटॉपांत सर्रास असत. २०११ मध्ये अथेरॉस क्वालकॉमने घेतली. त्याच वर्षी रॅलिंक मीडियाटेकने घेतली. कंपनी विकताना इमारत, पेटंटं, माणसं, सगळ्याची मोजदाद होते. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी कोण लिहीत बसणार, हा प्रश्न त्या कागदांत असला तरी आपल्यापर्यंत पोचत नाही. घरातलं कार्ड धडधाकट असतं. दिवा लागतो, गरम होतं, सगळं व्यवस्थित. त्याची भाषा बोलणारं फक्त कोणी उरलेलं नसतं.

आता एक किस्सा, आणि हा खरा आहे. रियलटेकची आरटीएल ८७२३बीई नावाची एक चिप आहे. तिच्या कार्डावर अँटेनाच्या दोन जागा. काही लॅपटॉपवाल्यांनी काटकसर करून एकच अँटेना बसवली. ठीक. पण लिनक्सचा ड्रायव्हर ऐकायचा दुसऱ्या जागेकडून, जिथे वायरच नव्हती. परिणाम असा की राऊटरच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला तर नेट, बेडरूममध्ये नेला की गायब. लोकांनी राऊटर बदलले, भिंतींना दोष दिला, नेट पुरवणाऱ्याला शिव्या घातल्या. उपाय होता ड्रायव्हरच्या सेटिंगमधला एक आकडा. अँटेना एक की दोन, एवढंच सांगायचं. सांगितलं की त्याच यंत्रावर सिग्नलच्या पट्ट्या भरून येत. जगभर हजारो लोकांनी हा आकडा एकमेकांना पुरवला. कारखान्यात वायर कुठे जोडली हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी तो आधीच लिहून दिला असता तर? पण मग काटकसर कसली!

लिनक्सचं नाव निघालंच आहे तर भाच्याकडे वळू. सुट्टीवर गावी जाताना लॅपटॉप न्यायचा हा इथला रिवाज. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप विनाशुल्क भारतात नेता येतो, हे कस्टमचं कलम अल नहदात रामरक्षेच्या आधी पाठ होतं. त्यामुळे नाशिक-पुण्यात अरबी अक्षरांच्या कीबोर्डावर इंजिनिअरिंगचे कितीतरी प्रोजेक्ट झालेले आहेत. भाचा प्रॅक्टिकलसाठी उबुंटू टाकतो आणि फोन येतो, "मामा, यात वायफायच दिसत नाही." मामाला काय कळणार! वाटाघाटी करून घेतलेल्या त्या लॅपटॉपात मीडियाटेकचं एमटी ७९०२ निघालेलं असतं. स्वस्त लॅपटॉपांत भरपूर खपलेलं हे कार्ड. बाजारात आल्यावर कित्येक वर्षं त्याचा लिनक्स ड्रायव्हर नव्हता. लिनक्सवाल्यांनी या दुखण्यात जन्म काढलाय म्हणा. एके काळी विंडोजचाच ड्रायव्हर पळवून आणून, त्याला वेष्टण घालून लिनक्समध्ये चालवायचे, एनडीआयएसरॅपर नाव त्याचं. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन तत्त्वाला मुरड घातली आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून कार्डांचं बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला लागले. तत्त्वं छान होती. ती डाउनलोड करायलाही नेट लागत होतं.

मायक्रोसॉफ्टला हे उमगायला वेळ लागला. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि होम आवृत्तीत पहिल्या दिवसापासून नेटची सक्ती. नेट नसेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायची, की निसटता यायचं. दुकानातल्या पोरांना ती तोंडपाठ. मार्च २०२५ मध्ये चाचणीच्या आवृत्तीतून ती पळवाटही काढली. मधल्या काळात एक मेहेरबानी झाली, २४एच२ या आवृत्तीत त्याच रिकाम्या यादीच्या पडद्यावर "ड्रायव्हर टाका" असं बटण आलं. पेनड्राइव्हवर ड्रायव्हर असेल तर ते दाबा. तीन वर्षं! आणि आठवत असेल तर पूर्वी लॅपटॉपला लॅनची खोबण असायची, वायर खुपसली की काम व्हायचं. मग लॅपटॉप सडपातळ झाले आणि खोबण गेली. आता लॅपटॉप पातळ आणि नेट त्याहून पातळ.

मग सल्लागार गोळा होतात. पहिला सल्ला ठरलेला: पॉवर मॅनेजमेंटमधली ती खूण काढ. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा विंडोजला दिलेली असते. कार्ड झोपतं आणि उठतच नाही. हा सल्ला खरोखर कामाचा आहे. दुसरा, "बंद करून चालू कर." हा अर्धवट आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. त्यामुळे शटडाउन केलं की विंडोजचा गाभा, ड्रायव्हरांच्या त्या वेळच्या अवस्थेसकट, डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उठतो. रुसलेलं कार्ड रुसलेलंच उठतं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे बंद करणं हे बंद करणं नाही, आणि पुन्हा चालू करणं हेच खरं बंद करणं. हे ज्याने ठरवलं त्याला बढती मिळाली असणार.

तिसरा सल्ला जहरी: "ड्रायव्हर शोधून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे." ते टाकलं की लाल अक्षरांत तुमचे डझनावारी ड्रायव्हर कालबाह्य असल्याचा निकाल लागतो. दुरुस्तीसाठी कार्ड नंबर. हे कार्ड मात्र ते बरोबर ओळखतात.

चौथा सल्ला, "कार्डच बदल ना." ग्रीन लाइन पकडून बर दुबईच्या कॉम्प्युटर स्ट्रीटवर जायचं. काउंटरमागचा पोरगा एका नजरेत सांगतो, "भाई, इंटेल का डाल देता हूँ, लाइफ टाइम टेन्शन नहीं." त्याचं म्हणणं निम्म्याने खरं. इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २०१ दिसायला जुळी. पहिलं बहुतेक कुठेही चालतं. दुसऱ्याचा निम्मा मेंदू इंटेलच्याच प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, एएमडीच्या लॅपटॉपात ते बसेल, दिसणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असेल तर आणखी मौज. थिंकपॅड आणि एचपीच्या कित्येक जुन्या मॉडेलांच्या बायॉसमध्ये मान्यताप्राप्त कार्डांची यादीच घातलेली होती. यादीबाहेरचं कार्ड लावलं की थिंकपॅड सुरू व्हायलाच नकार द्यायचा: त्रुटी १८०२, अनधिकृत नेटवर्क कार्ड. पैसे तुमचे, स्क्रू तुमचा, लॅपटॉप तुमचा, आणि अनधिकृतही तुम्हीच.

न्यू जर्सीहून मेहुण्याने आणलेल्या लॅपटॉपची तऱ्हा अजून वेगळी. घरातल्या सगळ्या फोनांना वायफाय दिसतं, याला दिसत नाही. इथे सगळे बिघाडाच्या मागे लागतात आणि बिघाड काहीच नसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच्याच वाहिन्या वापरतात. इथे १३ पर्यंत. अल नहदाच्या टॉवरात एका भिंतीआड एक राऊटर, त्या गर्दीत आपला राऊटर मोकळी जागा बघून १३ वर जाऊन बसतो. अमेरिकेसाठी बांधलेलं कार्ड तिकडे बघतच नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वाहिनी १, ६ किंवा ११ वर बांधली की मेहुण्याची अब्रू वाचते.

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? यूएसबीला लावायचे ते नखाएवढे वायफाय डोंगल मिळतात. त्यातले काही लावले की आधी स्वतःला सीडी म्हणून सादर करतात. त्या खोट्या सीडीत त्यांचा ड्रायव्हर असतो. तो टाकला की सीडी गायब आणि वायफाय हजर. म्हणजे ड्रायव्हर कार्डाच्याच पोटात ठेवता येतो, नेट लागत नाही, काही लागत नाही. फुटकळ किमतीच्या डोंगलला जे जमलं, ते तीन-चार हजार दिरहमांच्या लॅपटॉपला जमू नये, याला अडचण म्हणत नाहीत. याला बेपर्वाई म्हणतात.

मोटार विकणाऱ्याला सुटे भाग किती वर्षं मिळतील हे विचारलं तर तो निदान घसा खाकरतो. लॅपटॉपवाल्याला ड्रायव्हर किती वर्षं मिळेल असं विचारा, तो वॉरंटी वाढवायची योजना दाखवेल. पेटीवर प्रोसेसरचे स्टिकर तीन-तीन. कार्डाचं नाव आणि ड्रायव्हर अमुक सालापर्यंत देऊ, या दोन ओळींना जागा नाही. आपण मागत नाही, म्हणून ते छापत नाहीत.

तेव्हा पुढच्या सेलला जाल तेव्हा माऊस आणि बॅगेवर हुज्जत घालायच्या आधी शोरूममधल्या लॅपटॉपचा डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टरखाली काय लिहिलंय ते वाचा, आणि त्याचं नाव बिलावर लिहून मागा. दुकानदार चमत्कारिक बघेल. बघू दे. आणि ज्यांच्या घरी अजून विंडोज १० आहे त्यांनी फॉरमॅटच्या आधी, नेट शाबूत आहे तोवर, नव्या विंडोजसाठी आपल्या कार्डाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. पीएनपीयूटिल नावाचं हत्यार विंडोजमध्येच आहे, ते सध्या चालू असलेल्या बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांची प्रत काढून देतं; तीही घ्या. वेळ गेलेली असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, रिकाम्या यादीवर बहुतेक वेळा तोडगा निघतो. आयफोनने हे साधेलच असं नाही, कारण त्यालाही आधी ड्रायव्हर लागतो.